तिघांचा निष्कर्ष एक, कारणे वेगवेगळी : अशा न्यायनिर्णयाचे बंधन किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सीबीडी बेलापूरच्या दिवाणी न्यायालयात तुम्ही वादीतर्फे एक दावा चालवत आहात. प्रतिवादीच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल दाखल केला आहे. तो ३ विरुद्ध २ अशा बहुमताचा आहे, परंतु बहुमतातील तिघांनी एकच निष्कर्ष काढताना कारणे मात्र निरनिराळी दिली आहेत. तुमच्या हाती मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाचा निकाल आहे. त्यात दोघांची मते परस्परविरुद्ध आहेत आणि त्यांतील एक मत तुमच्या बाजूचे आहे. यांपैकी कोणता निकाल दिवाणी न्यायाधीशांवर बंधनकारक आहे, आणि ३ विरुद्ध २ चा निकाल ‘काठावरचा’ म्हणून बाजूला ठेवा असे म्हणता येईल का, हे तुम्हाला हवे आहे.

आधी उत्तर देतो. उच्च न्यायालयाच्या दुभंगलेल्या खंडपीठातील तुमच्या बाजूचे मत आजच्या घडीला कोणावरही बंधनकारक नाही. त्यातील युक्तिवाद तुम्ही स्वतःचा म्हणून मांडू शकता, इतकेच. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बंधनकारक आहे आणि तो काठावरचा आहे हा आक्षेप चालणार नाही. मात्र त्या निकालातील कोणते विधान बंधनकारक आहे हा प्रश्न शिल्लक राहतो आणि तुमच्या दाव्याचे भवितव्य त्यावर आहे. आपण वकील मंडळी निकालाच्या शेवटी लिहिलेला आकडा पाहतो. आकडा मोजायचा तो निष्कर्षावर नव्हे, तर निकालातील प्रत्येक विधानावर. हे नीट समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने ‘घोषित केलेला कायदा’ भारतातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. न्यायालय बोलते कसे, हे अनुच्छेद १४५ च्या खंड (५) मध्ये सांगितले आहे : सुनावणीला हजर असलेल्या न्यायमूर्तींपैकी बहुसंख्यांच्या सहमतीशिवाय कोणताही न्यायनिर्णय देता येत नाही, आणि सहमत नसलेल्या न्यायमूर्तीला आपले वेगळे मत देण्यास मात्र आडकाठी नाही. हे दोन अनुच्छेद एकत्र वाचले की एक सरळ निष्कर्ष निघतो. बहुसंख्य न्यायमूर्ती ज्या विधानामागे उभे आहेत, तेच न्यायालयाचे विधान. एखाद्या न्यायमूर्तीचे मत कितीही विद्वत्तापूर्ण असले, आणि तो न्यायमूर्ती निकालाच्या जिंकलेल्या बाजूला असला, तरी त्याने एकट्याने मांडलेले कारण हा ‘न्यायालयाने घोषित केलेला कायदा’ होत नाही.

काठावरच्या बहुमताचा मुद्दा लवकर संपवता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्रिमूर्ती फ्रॅग्रन्सेस प्रकरणात सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की मोठ्या पीठाच्या बहुमताचा निर्णय लहान पीठावर बंधनकारक असतो, मग त्या बहुमतात किती न्यायमूर्ती होते हे पाहायचे नाही. म्हणजे सात न्यायमूर्तींच्या पीठाचा ४ विरुद्ध ३ असा निकाल पाच न्यायमूर्तींच्या एकमताच्या निकालापेक्षा वरचढ ठरतो. दिवाणी वकिली करणाऱ्यांना याचा ताजा अनुभव एन. एन. ग्लोबल प्रकरणाने दिला. पुरेसे मुद्रांक शुल्क न भरलेल्या करारातील लवादाच्या कलमाविषयी २५ एप्रिल २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी ३ विरुद्ध २ असा निकाल दिला. अनेकांना तो पटला नव्हता, तरी देशभरातील न्यायालयांना तो पाळावा लागला, आणि त्याच वर्षी १३ डिसेंबरला सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द ठरवला तेव्हाच त्याचे बंधन सुटले. मधल्या साडेसात महिन्यांत ‘दोघांनी विरोध केला होता’ हे उत्तर कोणत्याही न्यायालयात पुरेसे नव्हते, आणि ते योग्यच होते.

आता दुभंगलेल्या खंडपीठाकडे वळतो. दोन न्यायमूर्तींची मते एकमेकांविरुद्ध गेली की बहुमतच होत नाही. सर्वोच्च न्यायालयात असे घडले तर प्रकरण सरन्यायाधीशांपुढे मोठ्या पीठासाठी ठेवले जाते आणि तोपर्यंत, स्थगिती नसल्यास, खालचा निकाल कायम राहतो. हिजाबच्या प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. सुधांशू धुलिया यांची मते वेगळी झाली तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाचा १५ मार्च २०२२ चा निकाल जसाच्या तसा राहिला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने हिजाबविषयी काही कायदा घोषित केला असे दोन्ही बाजूंच्या लोकांनी बोलून दाखवले, परंतु अनुच्छेद १४१ च्या अर्थाने त्या दिवशी काहीच घोषित झाले नव्हते.

उच्च न्यायालयात व्यवस्था थोडी वेगळी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९८ सांगते की अपिलातील न्यायमूर्तींमध्ये बहुमत नसेल तर खालच्या न्यायालयाचा हुकूमनामा कायम होतो, आणि मतभेद कायद्याच्या मुद्द्यावर असतील तर तो मुद्दा इतर न्यायमूर्तींकडे पाठवता येतो. परंतु त्याच कलमाच्या पोटकलम (३) ने लेटर्स पेटंटमधील, म्हणजे उच्च न्यायालयाच्या स्थापनेच्या सनदेतील, तरतुदींना धक्का लावलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या लेटर्स पेटंटमधील खंड ३६ नुसार न्यायमूर्तींची मते समसमान विभागली गेली तर ते मतभेदाचा मुद्दा लिहून देतात, तो मुद्दा आणखी एक किंवा अधिक न्यायमूर्ती ऐकतात, आणि आधीचे व नंतरचे सगळे न्यायमूर्ती मिळून जे बहुमत होईल त्यानुसार तो मुद्दा सुटतो. फौजदारी अपिलात पूर्वीच्या संहितेचे कलम ३९२, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३३ लागते. तेथे तिसऱ्या न्यायमूर्तींचे मत येईल त्याप्रमाणेच निकाल द्यावा लागतो. हा फरक लक्षात ठेवा. दिवाणीत तिसरे न्यायमूर्ती लिहून दिलेल्या मुद्द्यापुरते बांधलेले असतात, तर फौजदारीत संपूर्ण अपील त्यांच्यापुढे असते.

याचे उदाहरण आपल्याच उच्च न्यायालयाचे आहे आणि तारखांसकट पाहण्यासारखे आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून सरकारी कामकाजाविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवणाऱ्या सत्यशोधन कक्षाची तरतूद केली. कुणाल कामरा आणि इतरांनी तिला आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल यांनी तो नियम रद्द ठरवला आणि न्या. नीला गोखले यांनी तो वैध ठरवला. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या बार रूममध्ये मी दोन वकिलांना वाद घालताना ऐकले. एकाच्या मते नियम गेला होता आणि दुसऱ्याच्या मते टिकला होता. दोघेही चुकत होते. त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने नियमाला काहीही झाले नव्हते, आणि म्हणूनच अंतरिम संरक्षणासाठी अर्जदारांना पुन्हा झगडावे लागले. तिसऱ्या न्यायमूर्तींनी मार्चमध्ये अंतरिम स्थगितीच्या विरुद्ध मत दिले, सरकारने २० मार्चला कक्षाची अधिसूचना काढली आणि २१ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. २० सप्टेंबर २०२४ रोजी न्या. अतुल चांदूरकर यांनी न्या. पटेल यांच्याशी सहमती दाखवली. तरीही प्रकरण तेथे संपले नाही. ते पुन्हा खंडपीठापुढे ठेवले गेले आणि २६ सप्टेंबरला २ विरुद्ध १ अशा बहुमताने नियम रद्द झाल्याचा औपचारिक आदेश निघाला. त्या आठ महिन्यांत कोणी न्या. पटेल यांचे मत ‘मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल’ म्हणून दाखल केले असते तर ते चुकीचे ठरले असते, आणि आज तेच मत बहुमताचा भाग आहे.

म्हणून तुमच्या हातातील खंडपीठाच्या निकालाबाबत पहिले काम हे करा : तो मुद्दा तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेला होता का, आणि गेला असल्यास काय ठरले, हे उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्या प्रकरणाच्या क्रमांकाने शोधा. मते दुभंगली तेव्हाचा निकाल वृत्तसंग्रहांत मोठ्या ठळकपणे छापला जातो आणि नंतरचा दोन पानांचा अंतिम आदेश कित्येकदा छापलाच जात नाही. मी स्वतः अशा दोन पानांच्या आदेशासाठी एकदा फोर्टात जाऊन प्रमाणित प्रत काढून आणली आहे.

आता मुख्य भाग, म्हणजे निष्कर्षावर बहुमत आहे पण कारणांवर नाही, ही स्थिती. माझ्या वकिलीच्या तिसऱ्या वर्षी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचा एक संदर्भ अर्ज मी चालवत होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या एका मोठ्या पीठाच्या निकालातील एक परिच्छेद मी मोठ्या विश्वासाने वाचून दाखवला. न्यायाधीशांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारले, ‘वकीलसाहेब, हा परिच्छेद किती न्यायमूर्तींचा आहे?’ मला सांगता आले नाही. त्यांनी माझ्या हातातली प्रत मागून घेतली, पाने मागे उलटली आणि दाखवले की तो परिच्छेद एकाच न्यायमूर्तींच्या स्वतंत्र सहमतीच्या मतातला आहे आणि इतरांनी त्या मुद्द्यावर काहीच म्हटलेले नाही. माझ्या अशिलाच्या दहा गुंठ्यांचा तो प्रश्न होता आणि मी त्याच्या बाजूने जे सर्वांत भक्कम म्हणून मांडले तेच तेथे गळून पडले. तेव्हापासून एकाहून अधिक मते असलेला निकाल मी कोरा कागद आखल्याशिवाय वाचत नाही. वरच्या ओळीत न्यायमूर्तींची नावे, डावीकडे एकेक विधान, आणि प्रत्येक चौकटीत होय, नाही किंवा गप्प.

तो कागद कसा उपयोगी पडतो हे तिहेरी तलाकच्या शायरा बानो प्रकरणावर दाखवतो, कारण तुमच्या हातातल्या निकालाची ठेवण तशीच दिसते. २२ ऑगस्ट २०१७ चा तो निकाल पाच न्यायमूर्तींचा आहे आणि त्यात तीन मते आहेत. सरन्यायाधीश खेहर यांचे मत न्या. नझीर यांच्यासह, न्या. नरिमन यांचे मत न्या. लळित यांच्यासह, आणि न्या. कुरियन जोसेफ यांचे एकट्याचे. शेवटी पाचही जणांच्या सहीचा एका वाक्याचा आदेश आहे : नोंदवलेली भिन्न मते पाहता ३ विरुद्ध २ अशा बहुमताने तलाक-ए-बिद्दत, म्हणजे एका दमात दिलेला तिहेरी तलाक, रद्द करण्यात येत आहे. सरन्यायाधीशांचे मत आधी वाचले गेल्यामुळे काही वाहिन्यांनी सुरुवातीला सहा महिन्यांची बंदी घातल्याचे सांगितले होते. ती बंदी अल्पमतातल्या दोघांची होती आणि तिचा कायदेशीर परिणाम शून्य होता.

आता कागद आखा. पहिले विधान : ही प्रथा रद्द व्हावी. नरिमन, लळित, जोसेफ होय. खेहर, नझीर नाही. तीन विरुद्ध दोन, आणि हाच आदेश. दुसरे विधान : १९३७ च्या शरियत कायद्याने या प्रथेला कायद्याचे बळ दिले, म्हणून ती अनुच्छेद १४ च्या, म्हणजे समानतेच्या, कसोटीला लागते. नरिमन आणि लळित होय. न्या. जोसेफ यांनी येथे सरन्यायाधीशांशी सहमती दाखवली आणि म्हटले की तो कायदा तलाकचे नियमन करणारा नाही. म्हणजे ज्या पायावर नरिमन यांनी निष्कर्ष उभा केला, त्या पायाला तिघांचा नकार आहे. तिसरे विधान : धर्मातच जे निषिद्ध आहे ते कायद्याने ग्राह्य धरता येत नाही. हा न्या. जोसेफ यांच्या निष्कर्षाचा आधार आहे आणि त्यावर ते एकटे उभे आहेत. चौथे विधान : कोणताही कायदा, मग तो संसदेचा असो की दुय्यम स्वरूपाचा, उघड मनमानी असल्यास त्याच कारणाने रद्द होऊ शकतो. नरिमन आणि लळित होय, आणि येथे न्या. जोसेफ यांनी आपल्या मतात स्पष्ट लिहिले आहे की कायद्याच्या या शुद्ध प्रश्नावर ते न्या. नरिमन यांच्याशी सहमत आहेत. तीन.

हा निकाल मी तरुण वकिलांना नेहमी शिकवतो तो चौथ्या विधानासाठी. न्या. जोसेफ यांना स्वतःच्या निष्कर्षासाठी ते विधान लागत नव्हते. काटेकोर दृष्टीने पाहिले तर त्यांच्यापुरते ते प्रासंगिक मत, म्हणजे जाता जाता केलेले बंधनकारक नसलेले विधान, होते, आणि निर्णयाला आवश्यक असलेल्या कारणांवर तिघे एकत्र येत नाहीत असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. तरीही नंतरच्या पीठांनी त्या तिघांच्या सहमतीला न्यायालयाचे मत मानले. २०१८ मध्ये नवतेज जोहर आणि जोसेफ शाइन या प्रकरणांत ती कसोटी वापरली गेली आणि १५ फेब्रुवारी २०२४ च्या निवडणूक रोख्यांच्या निकालात तिची पुन्हा सविस्तर चर्चा झाली. म्हणजे आज त्या विधानाचे बळ एकट्या शायरा बानो निकालातून येत नाही, तर नंतरच्या पीठांनी केलेल्या त्या निकालाच्या वाचनातून येते. दुसऱ्या विधानाचे तसे नाही. तेथे जमणाऱ्या तिघांत दोघे अल्पमतातले आहेत, म्हणजे आदेशाला विरोध करणारे. विरोधकाचे मत धरून बेरीज करून ‘न्यायालयाने असे ठरवले’ म्हणणे मला धोक्याचे वाटते, कारण आदेशाचा आधार त्या मतात नाही. मी अशी बेरीज युक्तिवादात वापरतो, पण ‘बंधनकारक’ हा शब्द तिच्यापुढे लिहीत नाही.

या सावधगिरीला एक अपवाद आहे, आणि तो महाराष्ट्रात माहीत असायलाच हवा. पीठाने स्वतःच प्रश्न वेगवेगळे काढून प्रत्येकाचे स्वतंत्र उत्तर दिले असेल, तर प्रत्येक प्रश्नाचे बहुमत वेगळे मोजावे लागते. मराठा आरक्षणाच्या ५ मे २०२१ च्या निकालात न्या. अशोक भूषण यांचे मत सर्वांत आधी छापलेले आणि अतिशय विस्तृत आहे. आरक्षण रद्द करण्यावर आणि आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घालणाऱ्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाचा फेरविचार नको यावर पाचही जण एकत्र होते. परंतु १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे राहतो का, या प्रश्नावर न्या. भूषण आणि न्या. नझीर अल्पमतात गेले, आणि न्या. रवींद्र भट, न्या. नागेश्वर राव व न्या. हेमंत गुप्ता यांचे मत न्यायालयाचे मत ठरले. त्याचा परिणाम इतका खरा होता की संसदेला त्याच वर्षी १०५ वी घटनादुरुस्ती करावी लागली. जो वकील पहिले छापलेले मत म्हणजे बहुमत असे गृहीत धरतो, त्याने या निकालाचा तो भाग नेमका उलटा वाचला असता.

कारणे जुळतच नसतील तर काय, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी सुरुवातीला आला होता. १९५१ च्या दिल्ली लॉज ॲक्ट प्रकरणात, ज्यात राष्ट्रपतींनी न्यायालयाचे मत मागवले होते, सात न्यायमूर्तींनी सात मते लिहिली. कायदेमंडळाने आपला अधिकार शासनाकडे किती सोपवावा हा प्रश्न होता, आणि तीन कायद्यांची एकेक तरतूद तपासायची होती. तीन वर्षांनी राजनारायण सिंह प्रकरणात त्याच मुद्द्यावर पुन्हा निर्णय द्यायची वेळ आली, तेव्हा न्या. विवियन बोस यांनी, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, एक उपयोगी वाट दाखवली. त्यांनी म्हटले की क्षणभर कारणे विसरा आणि प्रत्यक्षात काय ठरले तेवढ्याकडे पाहा, म्हणजे एक साधे चित्र दिसू लागते. त्यांनी मग प्रत्येक तरतुदीवर कोण कोठे उभे होते हे मोजले आणि त्या चित्रातून पुढचा निर्णय दिला. समान कारण नसेल तर निष्कर्ष तेवढा उरतो, आणि तो तशाच वस्तुस्थितीपुरता बंधनकारक राहतो. त्यातून व्यापक तत्त्व काढता येत नाही. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याबाबतही ठाण्यातील जुन्या वकिलांनी असेच केले. भीमसिंहजी प्रकरणात पाच न्यायमूर्तींची मते एका सुरात नव्हती, न्या. तुळजापूरकर तर संपूर्ण कायदाच अवैध ठरवत होते, परंतु शेवटी कलम २७(१) पुरता भाग गेला आणि कायदा राहिला, आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये तो निरसित करेपर्यंत आम्ही तेवढेच धरून कामे चालवली.

अमेरिकेत अशा निकालांसाठी १९७७ च्या मार्क्स प्रकरणापासून एक ठरीव नियम आहे. एका कारणावर बहुमत नसेल तर निष्कर्षाशी सहमत असलेल्यांपैकी ज्यांचा आधार सर्वांत संकुचित, त्यांची भूमिका न्यायालयाची मानायची. आपल्याकडे असा सर्वसाधारण नियम नाही, आणि तो इंटरनेटवरून उचलून दिवाणी न्यायालयात मांडू नका. तिकडेही हा नियम सर्वत्र सरळ लागू होत नाही. २०२० च्या रामोस प्रकरणात तिथल्या न्यायमूर्तींमध्येच जुन्या दुभंगलेल्या निकालाचे बंधन किती यावर एकमत नव्हते.

जिंकलेल्या बाजूच्या अल्पसंख्य मताला कायदा समजण्याची चूक किती दूर जाऊ शकते, हे गेल्या काही वर्षांत मुंबईच्याच एका प्रकरणाने दाखवले. १९७७ च्या रंगनाथ रेड्डी निकालात सात न्यायमूर्तींनी कर्नाटकचा बस अधिग्रहण कायदा एकमताने वैध ठरवला. चौघांतर्फे न्या. उंटवालिया यांनी मत लिहिले. न्या. कृष्ण अय्यर यांनी स्वतःसह तिघांतर्फे वेगळे मत लिहून म्हटले की अनुच्छेद ३९(ख) मधील ‘समाजाची भौतिक साधने’ यांत खासगी मालमत्ताही येते. चौघांनी आपल्या मतात स्पष्ट नोंदवले होते की त्या सगळ्याशी ते सहमत आहेत असे समजू नये. तरी १९८२ च्या संजीव कोक निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तिघांच्या त्या मतावर आधार ठेवला. पुढे मुंबईतील उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या संपादनाविषयीचे म्हाडा कायद्याचे प्रकरण नऊ न्यायमूर्तींपर्यंत गेले, आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन प्रकरणात बहुमताने सांगितले की संजीव कोक निकालाने अल्पसंख्य मतावर विसंबून चूक केली होती. मधली ४२ वर्षे संजीव कोक हा पाच न्यायमूर्तींचा निकाल असल्यामुळे उच्च न्यायालयांना आणि खालच्या न्यायालयांना तो डावलता आला नाही. यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. जुन्या निकालाचे चुकीचे वाचन वरच्या पीठाने केले असेल तर ते वाचन खालच्या न्यायालयावर बंधनकारक असते. त्याचा फेरविचार त्याहून मोठे पीठच करू शकते. आणि ‘सहमतीचे मत’ या शब्दांत सहमती निष्कर्षाशी असते, प्रत्येक वाक्याशी नव्हे.

केशवानंद भारती निकालाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी १३ न्यायमूर्तींनी ११ मते दिली आणि न्या. खन्ना एका मुद्द्यावर सहा जणांबरोबर, दुसऱ्यावर उरलेल्या सहा जणांबरोबर होते. बहुमताचा गोषवारा म्हणून जो कागद तयार झाला त्यावर नऊ जणांच्याच सह्या आहेत. चौघांनी सही केली नाही. तो गोषवारा हाच निकालाचा गाभा का, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती दोन वर्षांनंतरची गोष्ट. इंदिरा गांधी विरुद्ध राजनारायण प्रकरण नोव्हेंबर १९७५ मध्ये ज्या पाच न्यायमूर्तींनी निकाली काढले, त्यांपैकी रे, मॅथ्यू, बेग आणि चंद्रचूड हे चौघे केशवानंदमध्ये अल्पमतात होते. त्यांनी तरीही केशवानंदमधले मूलभूत चौकटीचे तत्त्व, म्हणजे संसदेला संविधानाचा गाभा बदलता येत नाही हे तत्त्व, न्यायालयाचे मत म्हणून गृहीत धरूनच पुढचा विचार केला. न्यायालयीन शिस्तीचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

तुमच्या दाव्यात आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. प्रतिवादीने दाखल केलेला निकाल हेडनोटवरून, म्हणजे वर छापलेल्या सारांशावरून, वाचू नका. हेडनोट संपादक लिहितो आणि तीन मतांतील वाक्ये तो कित्येकदा एकाच परिच्छेदात आणतो. पूर्ण निकाल घेऊन शेवटचा संयुक्त आदेश आधी वाचा, मग बहुमतातील तिघांची मते, आणि वर सांगितल्याप्रमाणे कागद आखा. प्रतिवादी ज्या वाक्यावर उभे आहेत ते वाक्य किती जणांचे आहे ते शोधा. एकाचे किंवा दोघांचे असेल, आणि तिसऱ्याने त्यावर मौन बाळगले असेल, तर लेखी युक्तिवादात परिच्छेद क्रमांकासह तसे नोंदवा. मौनाला सहमती समजू नका, आणि तुमच्या बाजूचे वाक्य असेल तेव्हाही तसे समजू नका. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या नंतरच्या पीठांनी, आणि मग मुंबई उच्च न्यायालयाने, हा निकाल कसा वाचला ते पाहा. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्याचा एक अर्थ लावला असेल तर बेलापूरच्या न्यायाधीशांपुढे तोच अर्थ चालेल, तुमचा कागद कितीही अचूक असला तरी.

दिवाणी न्यायाधीशांना ‘हा निकाल चुकीचा आहे’ असे सांगू नका. ते ठरवण्याचा अधिकार त्यांना नाही आणि तुम्ही त्यांना अवघड जागी उभे करता. त्यांना एवढेच सांगा की या निकालात अमुक ठरले आणि अमुक ठरले नाही. हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक न्यायालयाला आहे, कारण काय ठरले हे कळल्याशिवाय ते पाळता येत नाही. आणि तुमच्या बाजूचे खंडपीठाचे मत दाखल करताना यादीतच त्याच्या नावापुढे ‘मतभिन्नता, बहुमताचा निर्णय नाही’ असे लिहा. मी गेली कित्येक वर्षे असे लिहितो. समोरच्या वकिलांनी ते न्यायालयाच्या नजरेस आणून देण्याआधी तुम्ही ते सांगितलेले असेल, तर न्यायाधीश त्या मतातला तर्क ऐकून घेतात, आणि त्या मताकडून तुम्हाला आज तेवढेच मिळण्यासारखे आहे.

निकालाचा क्रमांक आणि तीनही मतांच्या परिच्छेदांची सुरुवात-शेवट कळवलीत तर कागद आपण एकत्र आखू. पुढच्या तारखेआधी तिसऱ्या न्यायमूर्तींच्या आदेशाचा शोध मात्र तुम्ही आजच सुरू करा.